धुरकट पोर्टर चाखताना आणि तिला गुण देताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आमचा सात-आठ जणांचा गट आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो, चार-पाच बिअर थोड्या थोड्या ओतून घेतो, वास आणि चव वहीत उतरवतो आणि मग गुण देतो. नवीन येणारे लोक हलक्या, सोनेरी बिअरबद्दल बिनधास्त बोलतात. गडद, धुरकट पोर्टर समोर आली की मात्र बहुतेकांची वही कोरी राहते. तेव्हा जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

धुरकट पोर्टर म्हणजे नेमकं काय?

पोर्टर ही लंडनमध्ये जन्मलेली गडद बिअर. अठराव्या शतकात तिथल्या रस्त्यांवर आणि थेम्स नदीच्या धक्क्यांवर ओझी वाहणाऱ्या हमालांमध्ये ती फार चालायची, त्यावरूनच तिला हे नाव पडलं. भाजलेल्या माल्टमुळे, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवामुळे, तिला कॉफी, कोको आणि पावाच्या खरपूस कडेची चव असते. हीच बिअर करताना काही माल्ट लाकडाच्या धुरावर वाळवलेलं वापरलं की ती धुरकट पोर्टर होते. साधारणपणे अशा बिअरमध्ये अल्कोहोल ५ ते ७ टक्के असतं.

हा धूर येतो कुठून? वरून काही अर्क घालतात का?

चांगल्या ठिकाणी नाही घालत. जव भिजवून, मोड आणून, मग वाळवला की त्याचं माल्ट होतं. वाळवायला गरम हवा लागते. ती हवा थेट जळत्या लाकडावरून आली, तर धुरातले पदार्थ ओलसर दाण्याच्या सालीला चिकटतात आणि पुढे उकळण्या-आंबवण्यातूनही टिकतात. लाकडात लिग्निन असतं. ते जळताना ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही संयुगं तयार होतात. आपल्याला जो ‘धूर’ वाटतो तो मुख्यतः यांचाच वास.

लाकूड बदललं की धूर बदलतो. जर्मनीतल्या बांबेर्ग गावात बीच झाडाचं लाकूड वापरतात. त्याच्या धुराला धुरी दिलेल्या मांसाचा वास असतो, म्हणून आमच्यातले शाकाहारी लोक पहिल्यांदा दचकतात. बिअरमध्ये मांस नसतं. धूर तोच, इतकंच. त्याच गावातली, १८७९ साली सुरू झालेली वायरमान कंपनी बीचच्या धुरावरचं माल्ट जगभर विकते, त्यामुळे कुठल्याही देशातल्या पोर्टरमध्ये तुम्हाला बांबेर्गचा धूर भेटू शकतो. अलास्कात ऑल्डर झाडाचं लाकूड वापरतात, त्याचा धूर जरा मऊ आणि गोडसर. स्कॉटलंडमध्ये पीट, म्हणजे दलदलीत साचलेला वनस्पतींचा थर, जाळतात. तो धूर मातकट आणि औषधी. काही पोर्टरमध्ये पीटचं माल्टही घालतात, पण ते फार जपून घालावं लागतं. जरा जास्त झालं की बिअर त्याखाली दबते.

पोर्टर पहिल्यापासून धुरकट होती का?

होती, निदान काही प्रमाणात. सुरुवातीची पोर्टर तपकिरी माल्टची, आणि ते माल्ट लाकडाच्या जाळावर भट्टीत वाळवलेलं असायचं. मोठाल्या लाकडी पिंपांमध्ये ती महिनोन्महिने मुरवत, त्यात धूर निवत जाई. ही पिंपं किती मोठी असत याची कल्पना एका दुर्घटनेवरून येते. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोडजवळच्या कारखान्यात एक पिंप फुटलं, त्याने आणखी काही फोडली, आणि पोर्टरच्या लोंढ्यात शेजारच्या गरीब वस्तीतले आठ जण दगावले.

धूर गेला तो हिशेबामुळे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बिअर करणाऱ्यांच्या हाती हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजायचं साधन, आला आणि लक्षात आलं की तपकिरी माल्टमधून फिक्या माल्टच्या मानाने साखर कमी मिळते. मग त्यांनी फिकं माल्ट वाढवलं. रंगाची अडचण राहिली. ती १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरने सोडवली. माल्ट कॉफीसारखं फिरत्या ड्रममध्ये काळं होईपर्यंत भाजण्याचं पेटंट त्याने घेतलं. थोडंसं काळं माल्ट घातलं की सगळी बिअर गडद. तेव्हापासून पोर्टरचा रंग भाजण्यातून येऊ लागला आणि लाकडाच्या जाळाशी तिचा संबंध सुटत गेला. आज कुणी धुरकट पोर्टर करतो तेव्हा तो तिला तिच्या जुन्या घरी नेत असतो, आणि म्हणूनच मला या बिअरची एवढी ओढ आहे.

अलास्काच्या धुरकट पोर्टरचं सगळे एवढं नाव का घेतात?

आजच्या धुरकट पोर्टरची ती मापकाठी आहे म्हणून. अलास्काची राजधानी जुनो. या गावाला बाहेरून येणारा एकही रस्ता नाही, जायचं तर बोटीने किंवा विमानाने. तिथे १९८६ मध्ये अलास्कन ब्रूइंग कंपनी सुरू झाली आणि १९८८ मध्ये त्यांनी पहिल्यांदा ही पोर्टर केली. गावात सॅमन माशाला धुरी देण्याची धुरघरं होतीच. त्यातल्याच एका धुरघरात, ऑल्डरच्या धुरावर, माशाऐवजी माल्ट ठेवलं. बिअर वर्षातून एकदाच करतात आणि बाटलीवर त्या वर्षाचा आकडा असतो. अल्कोहोल ६.५ टक्के. अमेरिकेच्या ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हलमध्ये तिने बरीच पदकं मिळवली आहेत.

मला यातलं सगळ्यात जास्त काय पटतं, तर त्यांनी धूर दुरून मागवला नाही. गावात मासे ज्यावर टिकवतात त्याच लाकडावर बिअर केली. चवीला जागेचा पत्ता असतो तो असा.

पोर्टर आणि स्टाउटमध्ये फरक काय?

वाद घालण्याइतका नाही. ‘स्टाउट पोर्टर’ म्हणजे मुळात जास्त जोरकस पोर्टर, त्यातला मागचा शब्द पुढे गळला. आज ढोबळमानाने सांगायचं तर स्टाउटमध्ये न मोडवलेल्या भाजक्या जवाची कोरडी, काळ्या कॉफीसारखी चव पुढे असते आणि पोर्टर जरा मऊ, कोकोकडे झुकणारी असते. अपवाद दोन्हीकडे भरपूर.

गडद, कडवट आणि धुरकट हे सगळं मला एकच वाटतं. वेगळं कसं ओळखू?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि याचं उत्तर आपल्या भाषेत तयार पडलं आहे. तीन शब्द घ्या: खरपूस, करपट, धुरकट.

माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात हे तिन्ही वास एकाच सकाळी मिळायचे. तव्यावरची भाकरी निखाऱ्यापाशी उभी केली की फुगायची आणि तिच्या कडेला तांबूस ठिपके पडायचे. तो वास खरपूस. मागच्या वैलावर डाळ विसरली गेली की तळाला लागायची. तो करपट. आणि ओल्या लाकडांनी चूल धुमसत असताना दूध तापवलं, की दूध करपलेलं नसतानाही पहिल्या घोटाला कळायचं, धुरकट लागतंय. भांड्याचा तळ स्वच्छ असायचा. वास बाहेरून येऊन दुधात शिरलेला असायचा.

पोर्टरमध्ये अगदी हेच आहे. खरपूस चव भाजलेल्या माल्टची: भाजलेले शेंगदाणे, कोको, कॉफी, भाकरीचा पापुद्रा. ती हवीच. करपट चव येते ती काळं माल्ट जास्त झाल्याने: राख, कोळसा, जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळणारा कोरडा कडूपणा. थोडी चालते, जास्त झाली की दोष. धुरकट हा वास नाकात वरच्या बाजूला जाणवतो, कडू नसतो, आणि घोट गिळून झाल्यावर श्वास बाहेर सोडताना परत येतो. नवख्यांची सर्रास होणारी चूक म्हणजे करपट बिअरला धुरकट म्हणून गुण देणं.

एक सोपा सराव सांगते. तीन वाट्या घ्या. एकीत कोरी काळी कॉफी, दुसरीत जळक्या टोस्टची खरवडलेली पूड घातलेलं पाणी, तिसरीत कोमट दूध, ज्याला झाकणाखाली निखाऱ्यावर तूप सोडून दोन मिनिटं धुंगार दिला आहे. डोळे मिटून वास घ्या, एकेक घोट घ्या. दहा मिनिटांचं काम आहे, पण त्यानंतर पोर्टर चाखताना तुम्ही गोंधळणार नाही.

किती थंड प्यावी? ग्लास कोणता?

१० ते १३ अंश सेल्सियस. आपल्या फ्रिजमध्ये बाटली साधारण ४-५ अंशांवर असते आणि तेवढ्या थंडीत जीभ आणि नाक दोन्ही बधिर होतात. धूर तर दिसेनासाच होतो. थंडीच्या दिवसांत वीस-पंचवीस मिनिटं आधी बाहेर काढा. मे महिन्यात दहा-बारा मिनिटं पुरतात. फ्रीझरमध्ये गोठवलेला मग अजिबात नको.

ग्लास तोंडाशी जरा निमुळता असला की वास साठतो. वाइनचा साधा ग्लास उत्तम चालतो. त्याला साबणाचा वास किंवा तेलकटपणा नको, नाहीतर फेस लगेच बसतो. अर्ध्याहून कमी भरा, वासाला जागा हवी.

रंगात काय बघायचं? काळी तर आहे.

सहसा काळी नसते. ग्लासच्या तळाशी मोबाइलचा टॉर्च धरा. कडेला कोकमाच्या आगळासारखा गर्द लाल दिसला तर पोर्टर बहुतेक वेळा बरोबर बनली आहे. टॉर्च लावूनही ठार काळी असेल तर काळ्या माल्टचा हात सैल सुटला असण्याची शक्यता आहे, म्हणजे करपटपणासाठी जीभ तयार ठेवा. फेस बदामी ते फिकट तपकिरी असावा आणि निदान दोन-तीन मिनिटं टिकावा. रूपाला याहून जास्त वेळ देऊ नका.

वास कसा घ्यायचा? पहिल्या हुंगण्यानंतर मला धूर जाणवतच नाही.

तुमचं नाक ठीक आहे. धुराला नाक फार लवकर सरावतं. शेकोटीपाशी बसलेल्याला धुराचा वास येत नाही, घरी गेल्यावर घरच्यांना त्याच्या कपड्यांना येतो, तसं. म्हणून पहिले तीस सेकंद मोलाचे. ग्लास नाकापासून वीतभर दूर धरून एकदा, मग जवळ आणून दोन-तीन छोटे हुंगे, आणि लगेच लिहा. मग ग्लास खाली ठेवा. मध्ये स्वतःच्याच मनगटाचा किंवा बाहीचा वास घ्या, नाक पुन्हा ताजं होतं. मग दुसऱ्या फेरीत धूर बाजूला ठेवून त्याच्या मागे काय आहे ते शोधा: कोको, काकवी, मनुका, ओली माती.

त्या दिवशी अत्तर, उदबत्ती, हँडक्रीम टाळा. आमच्या एका बैठकीत शेजारच्या खोलीत धूप लावला होता आणि आम्ही सगळ्यांनी एका साध्या पोर्टरला ‘सुंदर धूर’ म्हणून भरभरून गुण दिले. ते पान नंतर फाडावं लागलं.

पहिला घोट नकोसा वाटला. ग्लास बाजूला ठेवू का?

थांबा. धुराची चव पहिल्या घोटाला अंगावर येते, तिसऱ्या-चौथ्या घोटाला ती जागेवर बसते आणि मागचं माल्ट दिसायला लागतं. बांबेर्गच्या श्लेंकेर्ला या पबमध्ये धुरकट बिअरच मुख्य. तिथेही नवख्याला हेच सांगतात की पहिल्या घोटावर निकाल देऊ नका. माझा नियम असा: पहिल्या घोटावर गुण लिहायचे नाहीत. तीन छोटे घोट, मध्ये पाणी, मग पेन. त्यानंतरही नको वाटली तर नको. जबरदस्ती कशाला?

तोंडात घेतल्यावर नक्की कशाकडे लक्ष द्यायचं?

क्रम लक्षात ठेवा. जीभ आधी गोडी पकडते, मग भाजका खमंगपणा, मग हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात ती कडू फुलं) आणि काळ्या माल्टचा कडूपणा. धूर या सगळ्याच्या कडेकडेने चालत असतो. घोट तोंडात दोन सेकंद फिरवा, गिळा, आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. धुराची खरी मोजणी त्या श्वासात होते. गिळून न टाकता फक्त थुंकून धुरकट पोर्टरला न्याय देता येत नाही.

मग पोत. ताकासारखी पातळ आहे की पेजेसारखी भरीव? बुडबुडे टोचतात का? गिळल्यावर कच्च्या सुपारीसारखा तुरटपणा उरतो का? मध्यम भरीव, मऊ बुडबुडे आणि जवळजवळ शून्य तुरटपणा अशी पोर्टर मिळाली तर खूश व्हा.

सगळ्यात शेवटी स्वतःला एक प्रश्न विचारा: धूर काढून टाकला तर खाली चांगली पोर्टर उरेल का? उत्तर ‘हो’ असेल तर बिअर चांगली. धुराखाली काहीच नसेल तर ती झाकापाक आहे.

बिअरला औषधासारखा, दवाखान्यासारखा वास येतो. हा धूरच ना?

असेल किंवा नसेल, आणि इथे मी स्वतः चुकले आहे. एका पोर्टरला बँडेजसारखा, जंतुनाशकासारखा तिखट वास होता. लेबलवर धुराचा उल्लेख होता म्हणून मी त्याला ‘पीटचा धूर’ समजून वासाचे १२ पैकी १० गुण दिले. महिन्याभराने त्याच ठिकाणची साधी, फिकी बिअर उघडली. तिच्यात धुरकट माल्ट असण्याचा प्रश्नच नव्हता, आणि वास तोच. तेव्हा कळलं, तो क्लोरोफिनॉलचा दोष होता. पाण्यातलं किंवा धुण्याच्या द्रावणातलं क्लोरीन बिअरमधल्या फिनॉलशी जुळलं की हा वास तयार होतो, आणि अगदी किंचित असला तरी नाकाला जाणवतो.

ओळखायचं कसं? लाकडाचा धूर माल्टमध्ये मिसळलेला असतो, त्याला गोडीची साथ असते आणि नाक त्याला लवकर सरावतं. क्लोरोफिनॉल एकटा, धारदार, बिअर कोमट झाली की आणखी वर येतो आणि घशात चिकटून राहतो. अडचण एकच, पीटच्या धुरातही क्रेसॉल नावाची औषधी वासाची संयुगं असतात. म्हणून लेबलवर पीट आहे का ते बघा. शक्य असेल तर बनवणाऱ्याला विचारा की धूर कुठल्या लाकडाचा. चांगला ब्रूअर हे आनंदाने सांगतो.

आणखी कुठले दोष धुराआड लपतात?

भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बिअर शिळी झाली, हवा लागली. लोण्यासारखा वास म्हणजे डायअसेटिल, आंबवण घाईत संपवलं असावं. उकडलेल्या मक्याचा वास म्हणजे डायमिथाइल सल्फाइड. लवंगेसारखा वास धुराचा भाऊ वाटतो, पण तो बहुधा रानटी यीस्टचा असतो. आंबूसपणा पोर्टरमध्ये हलका चालतो, काळं माल्ट थोडं आंबट असतंच. व्हिनेगरपर्यंत गेला तर नाही.

गुण कसे द्यायचे?

आम्ही ५० गुणांचा तक्ता वापरतो. तो अमेरिकेतल्या बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमचा आहे. ही संस्था १९८५ पासून परीक्षक तयार करते. विभागणी अशी: वास १२, रूप ३, चव २०, पोत ५, एकूण ठसा १०. रूपाला फक्त ३ आहेत हे मला फार आवडतं. ४५ ते ५० जागतिक दर्जाची, ३८ ते ४४ उत्कृष्ट, ३० ते ३७ खूप चांगली, २१ ते २९ चांगली पण काहीतरी राहिलेली, त्याखाली दोष असलेली.

गेल्या हिवाळ्यात चाखलेल्या एका धुरकट पोर्टरचं माझ्या वहीतलं पान जसंच्या तसं देते:

वास: पहिल्याच हुंग्याला हुरड्याची आगटी, निखारे विझत आलेले. मागे कोको, थोडी काकवी. कोमट झाल्यावर ओल्या लाकडाचा वास वर, किंचित जास्त. ९.
रूप: आगळाची कड, बदामी फेस, ग्लासला जाळी धरून. ३.
चव: सुरुवात गोडसर, मधे कॉफी छान. धूर श्वासात परत येतो, सौम्य. शेवटाला राख, जिभेच्या मागे करपट, पाणी प्यायल्यावरही जात नाही. १४.
पोत: भरीव, मऊ. शेवटी जरा तुरट. ४.
एकूण: दुसरा ग्लास घेईन, तिसरा नाही. काळं माल्ट थोडं कमी हवं होतं. ७.

बेरीज ३७. यात कुठेही ‘छान’, ‘जबरदस्त’ हे शब्द एकटे उभे नाहीत. प्रत्येक कापलेल्या गुणासमोर कारण आहे: वासाचे तीन ओल्या लाकडापायी, चवीचे सहा राखेपायी. हे पान ब्रूअरच्या हातात दिलं तर त्याला पुढच्या वेळी काय बदलायचं ते कळेल. गुण द्यायचे ते यासाठी.

इंटरनेटवर त्याच बिअरला कुठे ४.१, कुठे ३.६ असतात. कुणाचं खरं?

मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. अनटॅप्ड या ॲपवर लोक एका झटक्यात ५ पैकी तारे देतात, तेही पाव-पावच्या पायरीने. बिअरअ‍ॅडव्होकेटवर रूप, वास, चव, पोत आणि एकूण असे भाग पाडून भारित सरासरी काढतात, त्यात चवीचा वाटा सगळ्यात मोठा. शिवाय धुरकट बिअर लोकांना दुभागते. निम्मे प्रेमात पडतात, निम्मे तोंड वाकडं करतात, आणि सरासरी मध्येच कुठेतरी लटकते. अशा बिअरची सरासरी जवळजवळ काहीच सांगत नाही. त्यापेक्षा दहा सविस्तर टिपणं वाचा.

मला धूरच आवडत नाही. तरी मी चांगल्या बिअरला जास्त गुण द्यायचे का?

दोन आकडे लिहा. एक बिअरचा: आपल्या प्रकारात ती किती नीट बनली आहे? दुसरा तुमचा: मला ती किती आवडली? आमच्या गटातल्या एका ताईंना धूर बिलकुल सोसत नाही. त्यांच्या वहीत धुरकट पोर्टरसमोर ‘३९, आणि मला ५ पैकी २’ असं लिहिलेलं असतं. माझा त्यांच्या गुणांवर सगळ्यात जास्त विश्वास आहे.

बाटल्यांचं लेबल बघून मत बनतं. ते कसं टाळायचं?

झाकून चाखा. ज्याने चाखायचं नाही अशा कुणाला तरी ओतायला सांगा, ग्लासवर फक्त खूण. आणखी कसून करायचं असेल तर तीन ग्लास भरा, दोनमध्ये एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी, आणि वेगळा ग्लास ओळखायला सांगा. तो ओळखता आला नाही तर त्या दोन बिअरमधला तुमचा तीन गुणांचा फरक खोडून टाका.

क्रमही महत्त्वाचा. फिकी, साधी बिअर आधी, धुरकट सगळ्यात शेवटी. तिच्यानंतर जीभ दुसऱ्या कशालाच दाद देत नाही. मध्ये पाणी आणि बिनमिठाचे कुरमुरे किंवा ज्वारीच्या लाह्या.

टिपण इंग्रजीतच लिहायला हवं का?

मुळीच नाही. परदेशी टिपणांमध्ये ‘कॅम्पफायर’, ‘प्रून’, ‘मोलॅसिस’ असतं, कारण लिहिणाऱ्याच्या लहानपणी ते होतं. तुम्ही कधी प्रून हुंगला नसेल तर तो शब्द तुमच्या नाकाशी जोडलेला नाही, नुसता उसना आहे. तुमच्याकडे गुऱ्हाळावरची काकवी आहे, हुरड्याची आगटी आहे, वांगं भाजल्यावर सोलताना बोटांना लागणारा वास आहे, बंबातला धूर आहे, खारवलेल्या सुक्या मासळीची टोपली आहे. नेमकं लिहा. ‘धुरकट’ पुरेसं नाही. कसला धूर? गोवरीचा, बाभळीचा, की विझलेल्या कोळशाचा? ज्या दिवशी आमच्या गटाने इंग्रजी चव-चक्रातले (चवी-वासांच्या शब्दांच्या गोल तक्त्यातले) शब्द बाजूला ठेवले, त्या दिवसापासून वह्या भरू लागल्या.

सोबत काय खावं?

चाखताना कुरमुरे-लाह्यांखेरीज काही नाही. गुण देऊन झाले की मग जेवणासोबत घ्या. तिखटजाळ ठेच्याशी तिची पटत नाही, बुडबुडे आणि कडूपणा तिखट आणखी पेटवतात. भाजलेल्या वांग्याचं भरीत, कमी तिखटाचं, सुंदर जातं. कोळशावरचं मांस किंवा मासळीही. गोडात गूळ-शेंगदाण्याची चिक्की. पण माझी सगळ्यात आवडती जोडी म्हणजे साधं व्हॅनिला आइस्क्रीम आणि त्यावर दोन चमचे पोर्टर.

बाटली जपून ठेवली तर सुधारते का?

बहुतेक बिअर सुधारत नाहीत, पण ६ टक्क्यांच्या वरची धुरकट पोर्टर थोडी वाट बघू शकते. सिएटलहून आतेभावाने अलास्काच्या दोन बाटल्या आणल्या होत्या, एक त्या वर्षीची, दुसरी चार वर्षं जुनी. नवीत धूर पुढे, कॉफी मागे. जुनीत धूर भिंतीला टेकून बसल्यासारखा, आणि पुढे मनुका, काकवी, थोडी शेरी वाइन. दोन्हींना मी ४१ दिले, पूर्णपणे वेगळ्या कारणांसाठी.

आपल्याकडची अडचण उष्णता आहे. विदर्भात-मराठवाड्यात उन्हाळ्यात कपाटात ठेवलेली बाटली मुरत नाही, शिजते. फ्रिज नसेल तर जपून ठेवूच नका. ठेवायचीच तर उभी, अंधारात, आणि एकाच तापमानाला.

महाराष्ट्रात मिळते का?

पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रूअरींमध्ये पोर्टर आणि स्टाउट अधूनमधून येतात, विशेषतः हिवाळ्यात. धुरकट क्वचित. बोर्डावर पोर्टर दिसली की धुरावरचं माल्ट घातलंय का, किती टक्के, एवढं विचारा. विचारणारे वाढले की करणारेही वाढतात.

पोर्टरचं आपल्या मुलखाशी जुनं नातंही आहे. इंग्रज फौजेतल्या गोऱ्या शिपायांसाठी ती पिंपांमधून मोठ्या प्रमाणात हिंदुस्थानात यायची. नाशिकजवळ देवळालीला त्या फौजेची छावणी होती, मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत शिपाई तिथे महिने काढत. त्या कंटाळ्यातून इंग्रजीत ‘डूलाली’ हा शब्द आला, डोकं फिरलेला या अर्थी, आणि २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मायक्रोब्रूअरीने तेच नाव घेतलं.

कायद्याचं: महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं आणि पिण्याचा परवाना लागतो. गाडी चालवणारा चाखत नाही, त्याला फक्त वासाचे गुण देता येतात.

एका बैठकीत किती?

प्रत्येक बिअर ६० ते ९० मिलिलिटर, पाचपेक्षा जास्त नमुने नाहीत. त्यापुढे जीभ खोटं बोलते. जास्त प्यायचं असेल तर वह्या मिटल्यावर, आणि मग गुण द्यायचे नाहीत.

चाखून झाल्यावर ग्लास लगेच धुवायचे का?

नका धुऊ. रिकामा ग्लास अर्धा तास तसाच ठेवा, मग नाक आत घाला. कॉफी गेलेली असते, अल्कोहोल उडालेलं असतं, तळाशी वाळलेल्या थरात फक्त धूर आणि थोडी गोडी उरते. लाकूड कुठलं होतं ते मला कित्येकदा तिथेच कळलं आहे. वहीत शेवटची ओळ त्यासाठी रिकामी सोडा.